तुळस स्पष्ट दिसायला हवी

ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्याहून सासवडकडे निघते, त्या दिवशी दिवे घाटातल्या वरच्या वळणांवर पहाटेपासून ट्रायपॉड उभे राहू लागतात. गेली आठ वर्षे त्यांतला एक माझा असतो. खाली वळसे घेत चढणारा रस्ता, त्यावर दाटलेली पांढरी टोपी-धोतरे आणि भगव्या पताका, मध्ये जादा बैलजोड्या लावून ओढला जाणारा चांदीचा रथ, हे दृश्य दरवर्षी वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर येते. ते पाहून घरी बसलेल्या माणसाची खात्री पटते की घाटात तीळ ठेवायलाही जागा नसणार. प्रत्यक्षात त्याच रस्त्याने दिंडीबरोबर चालले तर दोन दिंड्यांमध्ये मोकळी जागा असते, माणसे कठड्याला टेकून पाणी पितात, एखादी बाई निवांतपणे पायातला काटा काढत बसलेली असते. छायाचित्र खोटे नसते आणि चालणाऱ्याचा अनुभवही खोटा नसतो. या दोहोंमधले अंतर कशाने पडते, हे समजून घ्यायला मला दोन वाऱ्या लागल्या, आणि लेन्स, ॲपर्चर (लेन्समधले लहान-मोठे होणारे छिद्र) व शटर स्पीड (शटर किती वेळ उघडे राहते तो आकडा) यांविषयी जे काही मला आज कळते ते बहुतेक याच वाटेवर कळले. म्हणून या लेखात उदाहरणे वारीचीच घेते.

पहिली वारी मी असे समजून केली की लांब पल्ल्याची लेन्स दृश्य ‘दाबते’. तसे सगळेच म्हणतात. २०० मिलिमीटरची लेन्स लावली की मागची माणसे पुढच्यांना येऊन चिकटतात आणि २४ मिलिमीटरची लावली की सगळे दूर पळते, असा तो समज. हे जे घडते ते लेन्समुळे घडत नाही, आपण किती लांब उभे आहोत त्यामुळे घडते. साधा हिशेब करून पाहावा. घाटाच्या वरच्या वळणावरून खालची एक दिंडी ८०० मीटरवर आहे आणि तिच्या ४० मीटर मागे दुसरी दिंडी आहे, असे समजू. दुसऱ्या दिंडीतला माणूस पहिल्या दिंडीतल्या माणसापेक्षा जेमतेम पाच टक्के लहान दिसेल. आपली नजर माणसांच्या आकारावरून अंतर ताडते, आणि आकार सारखेच दिसल्यामुळे मधली ४० मीटर मोकळी जागा नजरेला जाणवतच नाही. उलट मी दिंडीत शिरले आणि पहिला वारकरी माझ्यापासून दीड मीटरवर व त्याच्या मागचा तीन मीटरवर असला, तर मागचा माणूस पुढच्याच्या निम्म्याने दिसतो. दोघांमधले अंतर फक्त दीड मीटर असूनही तिथे खोली भरपूर वाटते.

लेन्सचा यात काहीच वाटा नाही, हे पटवून घ्यायचे असेल तर घाटातल्या त्याच कठड्यावरून २४ मिलिमीटरने फोटो घ्यावा आणि २०० मिलिमीटरची लेन्स जेवढा भाग पाहते तेवढाच भाग त्यातून कापून मोठा करावा. दिंड्यांचे एकमेकींना चिकटणे तिथेही अगदी तसेच दिसेल. फरक इतकाच की कापलेला तो तुकडा मूळ चित्राच्या सुमारे ६९ व्या हिश्शाएवढा असतो, म्हणजे २४ मेगापिक्सेलच्या फोटोतून साडेतीन लाखांच्या आसपास बिंदू हाती राहतात, आणि तेवढ्यात पताकेवरची सुरकुतीही दिसत नाही. लांब लेन्सचे खरे काम हे आहे: दूर उभे राहून निवडलेला तो तुकडा ती पूर्ण सेन्सरभर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पट्टीभर, पसरवते. नाभीय अंतर, ज्याला आपण बोलताना सरळ फोकल लेन्थ म्हणतो, ते जेवढे मोठे तेवढी चौकट अरुंद. पूर्ण आकाराच्या सेन्सरवर २४ मिलिमीटरची लेन्स आडवी सुमारे ७४ अंश पाहते, ५० ची सुमारे ४० अंश आणि २०० ची जेमतेम १० अंश. (या लेखातले सगळे आकडे अशाच सेन्सरचे आहेत, लहान सेन्सरचा कॅमेरा असेल तर चौकट त्या प्रमाणात अरुंद होते.)

हे कळल्यापासून माझा क्रम बदलला. पूर्वी मी एका जागी उभी राहून झूम फिरवत असे आणि चौकट बरी वाटली की बटण दाबत असे. आता आधी पायांनी जागा ठरवते आणि मग त्या जागेवरून जेवढे हवे तेवढेच दिसेल अशी लेन्स लावते. दिंडीबरोबर चालताना ३५ मिलिमीटरची, रिंगणाला आणि घाटाला ७०-२०० ची, आणि चेहऱ्यांसाठी ८५ ची लहानशी लेन्स, एवढेच सामान मी नेते. २४ किंवा त्याहून रुंद लेन्सने गर्दीत माणसे टिपायची असतील तर चौकटीच्या कडेला कोणाचा चेहरा येऊ देऊ नये. तिथे डोके बाहेरच्या बाजूला ओढल्यासारखे लांबट होते, आणि ज्या माणसाने विश्वासाने आपल्याला जवळ उभे राहू दिले त्याचा चेहरा असा ओढलेला छापणे मला बरे वाटत नाही.

लेन्स बदलण्याचाही एक प्रश्न असतोच. आषाढातल्या सरीत उघड्यावर लेन्स काढणे म्हणजे कॅमेऱ्याच्या पोटात पाणी घालणे. वारीहून आल्यावर ओल्या बॅगेत लेन्स तशीच ठेवली तर महिन्या-दोन महिन्यांत काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते, आणि ती काढायला लेन्स पूर्ण खोलावी लागते. माझी एक लेन्स अशी गेली आहे. तेव्हापासून घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या हे माझ्या वारीच्या सामानाचाच भाग आहेत.

आता शटरकडे येते, आणि त्यासाठी लोणंद सोडून तरडगावच्या वाटेवर चांदोबाच्या लिंबापाशी जावे लागते. माउलींच्या पालखीचे पहिले उभे रिंगण इथे होते. वारकरी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे राहतात आणि मधल्या वाटेने दोन अश्व धावत येतात: एकावर पताका घेतलेला स्वार असतो, दुसरा माउलींचा, त्याच्या पाठीवर कोणी बसत नाही. तीन-चार तास जागा धरून उभे राहावे आणि अश्व समोरून जावेत काही सेकंदांत. ते गेल्याबरोबर लोक टापांखालची माती उचलून कपाळाला लावायला धावतात, त्यामुळे दुसरी संधी मिळेल या भरवशावर राहता येत नाही.

घोडा ताशी ४० किलोमीटरने धावतो आहे असे धरू. म्हणजे सेकंदाला सुमारे ११ मीटर. शटर सेकंदाच्या साठाव्या भागाइतका वेळ उघडे राहिले तर तेवढ्यात घोडा १८ सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. हजाराव्या भागात तो एक सेंटिमीटरच्या किंचित वर सरकतो. त्यातही पाय वेगळे आणि धड वेगळे. जमिनीवर टेकलेला खूर त्या क्षणी जागीच असतो, तर पुढे झेपावणारा खूर धडापेक्षाही वेगाने जात असतो. म्हणून १/५०० ला मान आणि पाठ बऱ्यापैकी स्पष्ट येते आणि पुढचा पाय मात्र फिकट पुसट होतो. पायही थांबवायचे तर १/१६०० किंवा १/२००० लागतो. दिशाही महत्त्वाची आहे: घोडा आपल्याकडेच धावत येत असेल तर चौकटीत तो फारसा सरकत नाही, नुसता मोठा होत जातो, आणि तेव्हा १/८०० सुद्धा पुरतो, आडवा जाणारा घोडा सर्वांत कठीण.

एवढा वेग मिळवायला प्रकाश कुठून आणायचा? स्वच्छ उन्हात फिल्मच्या काळापासून चालत आलेला ठोकताळा असा की ॲपर्चर एफ/१६ ठेवावे (हा आकडा जेवढा मोठा तेवढे छिद्र लहान) आणि शटर आयएसओच्या, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रकाश-संवेदनशीलतेच्या, आकड्याइतके, म्हणजे आयएसओ ४०० ला १/४०० च्या आसपास. आषाढात ऊन क्वचितच असते. साध्या ढगाळ हवेत तेच एक्स्पोजर, म्हणजे फोटोला तेवढाच प्रकाश, मिळायला एफ/८ लागते. तिथून शटर १/४०० वरून १/१६०० वर न्यायचे म्हणजे प्रकाश चौथ्या हिश्शावर येणार, तो भरून काढायला ॲपर्चर एफ/४ उघडावे लागणार, आणि माझी ७०-२०० ची लेन्स एफ/४ लाच संपते. ढग खरोखर काळे झाले आणि प्रकाश आणखी चौपट उतरला, तर आयएसओ १६०० वर नेण्यावाचून उपाय नाही. नवे छायाचित्रकार आयएसओ वाढवायला घाबरतात आणि १/२५० वर अडून बसतात. माझे मत स्पष्ट आहे: दाणेदार पण स्थिर घोडा चांगला, कारण फोटोतले दाणे कमी प्रकाशामुळे येतात आणि ते बऱ्याच अंशी निस्तरता येतात, पुसला गेलेला पाय मात्र कशानेही परत येत नाही.

तिसऱ्या वर्षी मी आकडे सगळे बरोबर लावले आणि तरीही चुकले. आदल्या रात्री मुक्कामाच्या ठिकाणी कीर्तन होते. कीर्तनात शटरचा खटका नको, म्हणून कॅमेरा मी मूक इलेक्ट्रॉनिक शटरवर ठेवला होता, आणि दुसऱ्या दिवशी रिंगणाच्या वेळी तो तसाच राहिला. शटर १/२०००, घोडा अगदी स्थिर, नाकपुड्याही स्वच्छ. पण मागचे विजेचे खांब आणि वारकऱ्यांच्या हातातल्या पताकांच्या काठ्या सगळ्या एका बाजूला कललेल्या, जणू वादळ आले आहे. झाले होते असे. यांत्रिक शटरमध्ये दोन पडदे असतात. पहिला उघडत जातो आणि दुसरा त्याच्या मागोमाग बंद करत येतो. वेग जास्त असला की सेन्सरवरून प्रत्यक्षात एक अरुंद फटच सरकत जाते, पण ती पूर्ण सेन्सर सेकंदाच्या अडीचशेव्या भागाच्या आसपास ओलांडते. इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये सेन्सर ओळीओळीने वाचला जातो. माझ्या कॅमेऱ्यात प्रत्येक ओळीला १/२००० सेकंदच प्रकाश मिळतो हे खरे, पण वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत वाचन संपायला सेकंदाचा सुमारे पंचविसावा भाग लागतो. तेवढ्यात मी घोड्यामागे कॅमेरा फिरवत होते, म्हणून खांबाचा माथा एका जागी नोंदला गेला आणि पाया दुसऱ्या. शटर स्पीडचा आकडा या बाबतीत काहीही सांगत नाही. तेव्हापासून रिंगणाला यांत्रिक शटर आणि कीर्तनाला मूक शटर, हे मी हाताच्या सवयीत बसवले आहे.

धावत्या घोड्याचे नाते शटरशी फार जुने आहे. घोडा धावताना त्याचे चारही पाय एकाच वेळी अधांतरी असतात का, हा वाद एकोणिसाव्या शतकात जोरात होता. १८७८ साली कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथे एडवर्ड मायब्रिज यांनी धावपट्टीच्या बाजूला ओळीने कॅमेरे मांडून आणि त्यांची शटर दोऱ्यांना जोडून तो सोडवला. पाय अधांतरी असतात, हे तर दिसलेच. पण मला त्यापुढची गोष्ट जास्त मोलाची वाटते. चित्रकार शतकानुशतके भरधाव घोडा पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणलेला काढत आले होते. छायाचित्रांत दिसले की तो अधांतरी असतो तेव्हा चारही पाय पोटाखाली गोळा झालेले असतात. माझ्या संगणकावर चांदोबाच्या लिंबाचा असाच एक फोटो आहे. टापांखाली हातभर पोकळी, तिच्यात उडालेली ढेकळे, आणि चारही खूर जणू एका ओंजळीत धरलेले. डोळ्यांनी मी तो क्षण पाहिला नव्हता.

तरीही वेग गोठवणे हाच रिंगणाचा एकमेव फोटो मानणे मला पटत नाही. १/२००० च्या चित्रात घोडा पुष्कळदा उभ्या पुतळ्यासारखा दिसतो. धावल्याची जाणीव निघून जाते. म्हणून अश्व परत येताना पुन्हा समोर मिळालेच तर मी शटर १/४० किंवा १/६० वर आणते आणि घोड्याबरोबर कॅमेरा फिरवते. पाय जिथे घोडा अगदी समोर येणार त्या दिशेला रोवायचे, कमरेतून मागे वळून घोड्याला चौकटीत घ्यायचे, आणि त्याच गतीने फिरत बटण दाबायचे. दाबल्यावरही फिरणे थांबवायचे नाही. घोड्याचे डोळे आणि मान साधारण स्पष्ट राहतात, पाय चक्रासारखे होतात, आणि मागची हजार माणसे पांढऱ्या-भगव्या रेघांत विरघळतात. चाळीस फोटोंत दोन किंवा तीन जमतात. ते दोन-तीन मला गोठवलेल्या शंभरांपेक्षा जास्त प्रिय आहेत.

शटर आणखी लांबवले तर माणसेच नाहीशी होऊ लागतात. छायाचित्रणाच्या इतिहासात माणूस दिसणारे सर्वांत जुने म्हणून ओळखले जाणारे चित्र लुई दागेर यांनी १८३८ मध्ये पॅरिसच्या बुलव्हार द्यू ताँप्ल या रस्त्याचे घेतले. रस्ता वर्दळीचा होता, पण एक्स्पोजर काही मिनिटांचे असल्यामुळे गाड्या, घोडे आणि पादचारी यांची काहीच खूण उरली नाही. जोड्यांना पॉलिश करून घेण्यासाठी एका जागी थांबलेला एक माणूस मात्र उमटला. दिवे घाटात ट्रायपॉडवर एक सेकंदाचे एक्स्पोजर घेतले की हेच लहान प्रमाणात घडते. चालणारे सगळे पांढऱ्या प्रवाहासारखे होतात आणि कडेला उभा असलेला पोलीस, कठड्यावर टेकलेली म्हातारी, पाण्याचा टँकर एवढेच ठळक राहतात. दिवसाउजेडी एक सेकंद मिळवायला लेन्सपुढे प्रकाश रोखणारी गडद काच, म्हणजे एनडी फिल्टर लागतो. सहा स्टॉपचा (दर स्टॉपला प्रकाश निम्मा होतो) फिल्टर प्रकाश चौसष्टाव्या हिश्शावर आणतो, म्हणून १/६० चे एक्स्पोजर सुमारे एक सेकंदाचे होते.

पावसाविषयी थोडक्यात सांगते. मोठा थेंब सेकंदाला आठ-नऊ मीटर वेगाने पडतो. १/१००० ला तो ठिपका होतो आणि चित्रात धुळीसारखा दिसतो. १/६० ते १/१२५ ला त्याची सात ते पंधरा सेंटिमीटरची रेघ होते आणि मग पाऊस हा पाऊस वाटतो. मागे काहीतरी गडद हवे, ओले डोंगर किंवा झाडी. पांढऱ्या आकाशापुढे पाऊस कुठल्याच शटरने दिसत नाही.

रात्रीच्या मंडपातली एक अडचण मात्र सविस्तर सांगायला हवी, कारण ती अनेकांना छळते आणि कारण लक्षात येत नाही. ट्यूबलाइटच्या किंवा स्वस्त एलईडी दिव्यांच्या उजेडात १/५०० ने कीर्तनकारांचा फोटो घेतला की चित्रावर काळे-पिवळे आडवे पट्टे येतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून असे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होत असतात. डोळ्यांना ते जाणवत नाही, वेगाने सरकणाऱ्या शटरच्या फटीला जाणवते. शटर १/१०० किंवा १/५० ठेवले की प्रत्येक भागाला दिव्याची एक किंवा दोन पूर्ण आवर्तने मिळतात आणि पट्टे जातात. कीर्तनकार हात उंचावून स्तब्ध झाले, मृदंगाची थाप पडून गेली, अशा विरामात १/१०० पुरतो.

ॲपर्चर मी मुद्दाम शेवटी ठेवले आहे, कारण ते मला सर्वांत उशिरा उमगले. मामांची एक जुनी ५० मिलिमीटरची लेन्स माझ्याकडे आहे, फिल्म कॅमेऱ्याची, धातूची, हातात घेतली की वजन जाणवणारी. ती कॅमेऱ्यावरून काढून खिडकीच्या उजेडासमोर धरावी आणि तिच्या नळीवरची कडी फिरवावी. प्रत्येक आकड्यावर कडी टक्क करून अडकते. एफ/१.८ वर आत काहीच अडथळा नसतो, २८ मिलिमीटर व्यासाचे, रुपयाच्या नाण्याहून थोडे मोठे असे गोल उजेडाचे भोक दिसते. एफ/४ वर सहा काळी पाती कडेने आत सरकतात, त्यांच्या पातळ कडा एकमेकींवर चढतात आणि गोलाचा षटकोन होतो. एफ/१६ वर उरते ते तीन मिलिमीटरचे छिद्र, ज्वारीच्या दाण्याएवढे. आकडा वाढला की छिद्र लहान का होते, हा नव्यांना पडणारा प्रश्न इथे आपोआप सुटतो: हा आकडा भाजक आहे. ५० ला १.८ ने भागले की २८ आणि १६ ने भागले की तीन. या दोन टोकांच्या छिद्रांतून येणाऱ्या प्रकाशात जवळजवळ ऐंशीपट फरक असतो. १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ ही मालिका अशी आडमुठी वाटते ती यासाठी की दर टप्प्याला छिद्राचे क्षेत्रफळ निम्मे व्हायला हवे, आणि त्यासाठी व्यास १.४१ ने भागावा लागतो.

त्या सहा पात्यांचा एक ठसा रात्रीच्या फोटोंत दिसतो. एफ/१६ वर मुक्कामाचे दिवे टिपले की प्रत्येक दिव्याला सहा किरण फुटतात. पाती विषम असतील, समजा सात, तर किरण दुप्पट, म्हणजे चौदा दिसतात.

प्रकाश कमी-जास्त करणे हे छिद्राचे निम्मेच काम. दृश्यातल्या प्रत्येक बिंदूकडून येणारा प्रकाश छिद्राच्या पूर्ण रुंदीतून आत येतो आणि शंकूसारखा निमुळता होत सेन्सरवर एका बिंदूत मिळतो. फोकस ज्या अंतरावर आहे त्याच अंतरावरच्या बिंदूंच्या बाबतीत हे अचूक घडते. पुढच्या-मागच्या बिंदूंचे शंकू सेन्सरच्या अलीकडे किंवा पलीकडे मिटतात आणि सेन्सरवर त्यांची चकती उमटते. छिद्र मोठे तर शंकू जाडा आणि चकती मोठी. छिद्र लहान तर शंकू बारीक आणि चकती इतकी लहान की डोळ्याला बिंदूच वाटते. चष्मा विसरलेली माणसे पंचांग वाचताना डोळे किलकिले करतात, ती नकळत हेच करत असतात.

मग छिद्र शक्य तेवढे लहान ठेवावे, असे मला पहिल्या वर्षी वाटले आणि घाटाचे सगळे फोटो मी एफ/२२ वर घेतले. सगळेच्या सगळे किंचित मऊ आले, कुठेच धार नाही. फार अरुंद छिद्रातून जाताना प्रकाश कडांपाशी पसरतो आणि बिंदूचा ठिपका होतो. याला विवर्तन म्हणतात, आणि महागातली लेन्सही त्यातून सुटत नाही. एवढ्या लहान छिद्राची गरजही नव्हती. २४ मिलिमीटरच्या लेन्सने एफ/८ वर सुमारे अडीच मीटरवर फोकस केला तर सव्वा मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळे पुरेसे स्पष्ट येते. घाटासाठी मी आता एफ/८ किंवा एफ/११ पलीकडे जात नाही.

चेहऱ्यांच्या बाबतीत मात्र मी अनेक वर्षे उलट टोकाला होते. ८५ ची लेन्स, एफ/१.८, डोळ्यांवर फोकस, मागचे सगळे लोण्यासारखे विरघळलेले. असे फोटो लोकांना आवडतात आणि घेणाऱ्यालाही समाधान देतात. तरडगावच्या मुक्कामी संध्याकाळी एक आजी तुळशीवृंदावन डोक्यावर घेऊन दिंडीच्या राहुटीपाशी उभ्या होत्या. परवानगी विचारली, त्यांनी पदर सारखा केला, वृंदावन एका हाताने नीट धरले आणि सरळ कॅमेऱ्यात पाहिले. एफ/१.८, १/१०००, आयएसओ २००. पडद्यावर फोटो दाखवला. मला तो उत्तम वाटत होता. त्यांनी कॅमेरा जवळ ओढून बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, “पोरी, समदं तोंडच आलंय की. माझी तुळस कुठं गेली गं?”

तुळस होती, पण हिरव्या धुक्यासारखी. ८५ च्या लेन्सने दोन मीटरवरून एफ/१.८ ला स्पष्टतेची खोली जेमतेम सहा सेंटिमीटर मिळते, म्हणजे डोळ्यांच्या पुढे तीन आणि मागे तीन. वृंदावन माथ्यावर असते, डोळ्यांच्या दहा-बारा सेंटिमीटर मागे. आळंदीपासून त्या जे डोक्यावर वाहून आणत होत्या, ज्याच्यासाठी चालत होत्या, ते मी बॅकग्राउंड समजून पुसून टाकले होते. कॅमेऱ्याने यात काही केले नव्हते, एफ/१.८ हा निर्णय माझा होता, आणि तो मी न विचारता, सवयीने घेतला होता.

एफ/५.६ ला ही खोली अठरा सेंटिमीटरच्या आसपास होते, तुळशीला ती काठावर पुरते. एफ/८ ला सव्वीस सेंटिमीटर मिळते. मी एफ/८ घेतले. प्रकाश विसाव्या हिश्शावर आला. तो भरून काढायला शटर १/१००० वरून १/२०० वर आणले, त्यात पाचपट मिळाला, आणि आयएसओ २०० वरून ८०० वर नेऊन उरलेला चौपट घेतला. उभ्या माणसाला आणि ८५ च्या लेन्सला १/२०० पुरेसा असतो. पण आता दुसरी अडचण उघड झाली. मघाशी धुक्यात गेलेल्या मोटारसायकली, निळे प्लास्टिकचे पिंप आणि राहुटीचे दोर आजींच्या खांद्यामागे ओळखू येऊ लागले. आजींना हलवावेसे वाटेना, म्हणून मीच त्यांच्याभोवती चार पावले डावीकडे गेले, गुडघ्यावर बसले, आणि त्यांच्या मागे फक्त दूरचे पावसाने काळवंडलेले शेत व आकाश येईल अशी जागा धरली.

त्या फोटोत आजींचे डोळे, कपाळावरचा बुक्का, घासून पांढुरकी झालेली वृंदावनाची पितळी कड आणि तुळशीच्या मंजिऱ्या एकसारख्या स्पष्ट आहेत. दोन पानांच्या टोकांना पाण्याचे थेंब आहेत, ते छापील प्रतीत मोजता येतात. पदराच्या सावलीत आयएसओ ८०० चे बारीक दाणे दिसतात. ते मी काढलेले नाहीत. दिंडीतल्या मंडळींबरोबर आजींना जी प्रत पाठवली ती याच फोटोची.